तुळजाबाईचे राखणदार मासे

तुळजाबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही, हातांकडे बघते. हातात पिशवी असली तर पिशवीत काय, आणि हात रिकामे असले तर हा रिकाम्या हाताने का आला, असा तिला प्रश्न पडतो. चौदा वर्षांपूर्वी मी पोलादपूर तालुक्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि पहिल्यांदा टेपवाडीला चढून गेलो, तेव्हा माझ्या हातात पाणी शुद्ध करायच्या पावडरीचा डबा होता. तिने डबा पाहिला, मला पाहिलं आणि झऱ्याच्या वाटेवर आडवी उभी राहिली.

"कोनी धाडला तुला?"

"सरकारनं."

"सरकारला आमच्या पान्याची वळख कुटली?"

त्या दिवशी मी डबा घेऊन खाली उतरलो. आजपर्यंत तिच्या झऱ्यात मला चिमूटभर पावडर टाकता आलेली नाही. हे मी सरळ लिहून टाकतो, कारण पुढे माझ्यावर आळ आला तो याच गोष्टीचा.

टेपवाडीत घरं सोळा. उघडी असतात ती सहा. बाकीच्यांना कुलूप, माणसं मुंबईत. डांबरी रस्ता सोडला की तासभर चढावं लागतं. वाडीच्या अंगाला भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येतात आणि शेवटच्या खाचराच्या बांधाखाली, तुळजाबाईच्या जागेत, झरा आहे. दगडांनी बांधलेलं कमरेइतकं खोल कुंड. जागा तिची, पण पाणी पूर्वापार शेजारच्या दोन घरांचंही. त्या कुंडात कायम दोन मासे. खालच्या वहाळातून, म्हणजे ओढ्यातून आणलेले, बोटभर लांबीचे. आम्ही खात्यातले लोक टाक्यांत गप्पी मासे सोडतो ते डासांसाठी. हिचे मासे पहाऱ्यासाठी. सासूने लावून दिलेली रीत. सकाळी आधी कुंडात वाकून बघायचं, दोन्ही मासे हलताना दिसले तरच हंडा बुडवायचा.

"पहारा कशाला? इथं कोण येतंय विष घालायला?" मी एकदा विचारलं होतं.

"मानसं हायती ना," ती म्हणाली.

तिला हसणं सोपं आहे. मीही हसत असे. मग वाडीतल्या नाथूदादांनी मला मागची गोष्ट सांगितली. तुळजाबाईचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, आजारी होऊन परत आला आणि गेला. ती तेव्हा चौतीस वर्षांची, पोर पाळण्यात. महिन्याभरात चुलत सासऱ्याने रेशन कार्डासाठी म्हणून तिचा अंगठा घेतला. कार्ड काही आलं नाही, वरची तीन खाचरं मात्र गेली. त्या चुलत सासऱ्याची सून म्हणजे जानकीबाई. तुळजाबाईची धाकटी जाऊ, आणि पन्नास पावलांवरची शेजारीण. दोघी एकमेकींशी बोलतात, वाटीभर साखर देतात घेतात, पण तुळजाबाई ती साखर आधी चाखून बघते.

तर मागच्या श्रावणात, नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल, तुळजाबाईचे दोन्ही मासे उताणे तरंगताना सापडले.

दुसरी कोणी असती तर रडली असती नाहीतर नवे मासे आणले असते. हिने ते मासे सागाच्या पानात बांधले, तासभर उतरून रस्त्याला आली, एसटीने पोलादपूरला गेली आणि पुडी थेट आमच्या साहेबांच्या टेबलावर सोडली. वास साऱ्या कचेरीभर. "तुमच्या पावडरवाल्यानं मारलं," असं तिने उभ्यानेच सांगितलं आणि खुर्ची देऊ केली तरी बसली नाही. साहेबांनी मला बोलावून लेखी खुलासा मागितला. चौदा वर्षांच्या नोकरीत पहिला खुलासा, तोही दोन माशांसाठी! मला भयंकर राग आला. तसाच चढून गेलो.

धापा टाकत पडवीत बसलो आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढली.

"बघा," ती न बघताच म्हणाली, "पानी तपासनारा सोता दुकानाचं पानी पितो. का रे? तुला काय ठावं हाय आमच्या पान्याचं?"

फिरतीवर मी रोज एक बाटली विकत घेतो ही खरी गोष्ट आहे, आणि रिकामी झाल्यावर ती कुठल्या झुडपात जाते ते मला विचारू नका. मी विषय बदलला. तुमच्या झऱ्यात पावडर टाकलीच नाही, तुम्हीच टाकू देत नाही, असं तीनतीनदा सांगितलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नाय. तू नाय मारलंस. तुज्यात तेवडी धमक नाय."

अशी माझी सुटका झाली. झऱ्याच्या पाण्याचा नमुना मी तपासणीच्या बाटलीत घेऊन गेलो. पाण्यात जंतू असले की ही बाटली दिवसभरात काळी पडते. ती पडली नाही. तसं कळवलं तर म्हणाली, "मंग मासं काय हसून मेलं?" माझ्या बाटलीत जंतू कळतात, दुसरं काही कळत नाही, हे मी तेव्हा बोललो नाही. माझं नाव निघालं होतं, मला तेवढंच पुरे होतं. आता त्याची लाज वाटते.

तिचा संशय मात्र रिकामा बसणारा नव्हता. आठ दिवसांनी गेलो तेव्हा झऱ्याच्या वाटेवर करवंदीच्या काट्या टाकलेल्या. जानकीबाईच्या घराला पाणी बंद.

"तिची सून मुंबईची," तुळजाबाई मला बोटांवर मोजून दाखवू लागली. "समीक्षा. डोकं धुवायला पुडी येगळी, आंग धुवायला येगळी, भांड्यांना येगळी. आमी राखंनं भांडी घासली, काय मेलो नाय. आनि दुसरी गोष्ट सांगू? मासं मेलं त्याच्या आदी चार दिवस जानकी झऱ्यावर आलीच नाय. रोज दोन टायमाला येनारी बाई. तिला कसं कळलं रे, की आता पानी पियाचं नाय?"

हे मात्र माझ्याही डोक्यात घुसलं. चार दिवस आधीच का थांबली? मी जानकीबाईच्या घरी गेलो. समीक्षा दारात होती. "काका, सीरियसली, मी झऱ्यावर कधी कपडे धुतलेलेच नाहीत," ती म्हणाली. "मोरीतलं पाणी पण खाली उतरतं, झरा वरच्या अंगाला आहे. तुम्हीच बघा." बघितलं. ती खरं बोलत होती. झऱ्यावर जाणं का सोडलं, असं जानकीबाईला विचारलं तर तिने कमरेला पदर खोचून हंडा घेतला आणि खालच्या वहाळाची वाट धरली. तिचा गुडघा दुखावलेला, उतार निसरडा. पायऱ्यांच्या कडेकडेने, एक पाय टाकून दुसरा ओढून, ती उतरत होती.

ते बघून माझं डोकं फिरलं. मी महाडचा. पाण्यावर कुणाला अडवायचं नसतं हे आमच्या गावात पोराला शाळेच्या आधी कळतं. तुळजाबाईच्या पडवीत परत जाऊन मी चांगला आवाज चढवला. ती शांतपणे सुपातले नाचणीचे दाणे निवडत राहिली. "माजी जागा, माजा झरा," एवढंच उत्तर. माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तो पागोळीच्या पाण्याचा होता. मासे मेले त्या क्षणापासून तिने झऱ्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता, पत्र्यावरून गळणारं पाणी धरून पीत होती. मी रागातच तो चहा प्यायलो.

तिने वहाळातून दुसरे दोन मासे आणून सोडले. तिसऱ्या दिवशी तेही मेले.

गणपतीला तिचा मुलगा सुनील मुंबईजवळच्या दिव्याहून आला. तळीयेची दरड कोसळली त्या वर्षापासून तो आईला म्हणतोय, डोंगर सोड, माझ्याकडे चल. दर वेळी तिचं उत्तर ठरलेलं: झरा हाय तवर मी हाय. आता तिच्याच शब्दात ती अडकली. पाऊस संपला की पागोळी नाही. झऱ्याला मासा जगत नाही. वहाळाचा चढ सत्तरीच्या बाईला रोज झेपायचा नाही. जायचं ठरलं. गौरी-गणपती पाण्यात गेले की दुसऱ्या दिवशी निघायचं. वाडीतलं आणखी एक दार बंद व्हायचं, आणि दिव्याच्या चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत ही बाई कोणाच्या हातांकडे बघणार होती, कोण जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी सुनीलचा मला फोन आला. "साहेब, एकदा वर या. कुंड उपसून बघू. काही करा, पण खरं काय ते काढा."

"आता कशाला? तुला तर तिला न्यायचंच आहे."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आई म्हणते, मासे मीच मारले. तिला नेता यावं म्हणून."

मी गेलो. दोघांनी बादल्यांनी कुंड उपसायला घेतलं. तुळजाबाई काठावर उभी, आमच्या दोघांच्या हातांवर नजर. पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा मागच्या भिंतीत, जिथून झरा पाझरतो त्या फटीत, काळपट काहीतरी अडकलेलं दिसलं. सुनीलने काठीने ओढलं. मुठा होता, म्हणजे शेतातला खेकडा. मेलेला. त्याच्यामागे आणखी एक. मग तिसरा. फटीच्या वर बांधाच्या अंगावरही दोन उलटे पडलेले. सर्प, बेडूक असं एखादं जनावर मरतं, पण पाच मुठे एका जागी, एका रांगेत?

आम्ही त्या रांगेने वर गेलो. फार नाही, दहा पावलं. शेवटच्या खाचराच्या बांधात मुठ्यांची बिळं होती, मनगट जाईल एवढी. सुनीलने मोबाइलची बॅटरी एका बिळात मारली. आत लिंबाएवढा भाताचा गोळा. मी काठीनेच तो बाहेर काढला. उग्र वास.

"विषच हाय," तुळजाबाई मागून ओरडली. ती आमच्या मागोमाग चढून आली होती. "बोललेच मी! भात कालवून घातलंन! आता बघा कुनाच्या घरचा—"

आणि ती थांबली.

भात तांबडा होता. टेपवाडीत सगळ्या घरी रेशनचा पांढरा तांदूळ शिजतो, नाहीतर बाजारातला कोलम. तांबड्या भाताचं जुनं बी धरून ठेवलेलं घर एकच. बाहेरचं बी कोण काय मिसळून देईल म्हणून दर वर्षी ती स्वतःचंच राखून ठेवते.

सुनीलने आईकडे पाहिलं. मी कुठेच पाहिलं नाही.

"हा माजा हाय," ती म्हणाली. "मीच ठेवलाय. पन ते मुठ्यांचं औषध हाय. माशाला काय करील?"

मग बांधावर बसून तिने सगळं सांगितलं. लपवून काहीच ठेवलं नव्हतं, आम्हीच कधी विचारलं नव्हतं. श्रावणात पावसाने ओढ दिली. खाचरात पाणी ठरेना. मुठ्यांनी बांध पोखरून चाळण केलेली. पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी मुठे उरतच नसत. पाऊस लागला की घराघरातली माणसं टोपल्या घेऊन बांधावर. नांग्या पाट्यावर वाटून त्याचं कालवण, उरलेले निखाऱ्यावर भाजून. सोळा घरं मुठे खात होती, बांध आपोआप शाबूत राहत होते. आता कोण धरतो? समीक्षाला त्यांची किळस येते. सुनीलचा मुलगा स्वराज नांगी बघून रडतो. पोलादपुरातून बॉयलर कोंबडी येते, तासाभरात शिजते, दातही लागत नाहीत. तुळजाबाईलाही आता तीच बरी वाटते, हे तिने खालच्या मानेने कबूल केलं. मुठे ताटातून गेले आणि बांधात वाढले. मग तिने दुकानातून औषध आणलं, भात शिजवला, कालवला, गोळे करून बिळाबिळात ठेवले. दोनदा.

"दुकानदारानं काही सांगितलं नाही?" मी विचारलं.

"बोलला ना. पान्याच्या जवळ नको, हातानं कालवू नको. मला वाटलं, भीती घालतोय. दुसरं महागाचं देयाचं आसंल." ती स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघू लागली. "तापाची गोळी तापाला लागते. मुठ्याचं औषध मुठ्याला. मासा काय मुठा हाय?"

मी तिला सांगितलं, औषधाला नाव वाचता येत नाही, बाय. मुठा ते खातो, तडफडत पाण्याकडे येतो, पाण्यातच मरतो. वरून बिळातलं पाणी पाझरून त्याच झऱ्याला मिळतं. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल आणि तोवर झऱ्याला कुणी शिवायचं नाही. ती ऐकत होती की नव्हती, माहीत नाही. मला तिची कीव आली आणि माझाही राग आला. पाण्यात जंतू नाहीत म्हणून हात झटकणारा मीच होतो. त्याच दिवशी दहा पावलं वर चढलो असतो तर जानकीबाईला एवढ्या खेपा पडल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलने पिशव्या उचलल्या. दाराला कुलूप लागलं. रस्ता जानकीबाईच्या अंगणातूनच खाली जातो. मीही सोबत होतो, नमुन्याच्या बाटल्या घेऊन. जानकीबाई ओट्यावर बसली होती, शेजारी वहाळावरून आणलेला हंडा.

तुळजाबाई अंगणात थांबली. "जानके," ती म्हणाली, "मासं मीच मारलं. मुठ्यांना औषध ठेवलं व्हतं, ते झऱ्यात उतरलं. तुजं काय नाय. तुज्या सुनंचं पन काय नाय. काट्या काडल्या मी."

एवढं बोलायला तिला काय पडलं असेल ते चौदा वर्षांत मी जाणून आहे. मला वाटलं, आता जानकीबाई चार शब्द सुनावील.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "ठेवताना बघितलं मी तुला. हितनं बांध दिसतो."

"मंग बोलली का नाय?"

"काय बोलू, बाय? तू भाताचं गोळं घेऊन झऱ्याच्या तोंडाशी बसली व्हतीस. त्याच्या आदल्याच दिसाला आपलं वरच्या खाचरांवरनं भांडान झालं व्हतं. मला वाटलं, आमच्यासाटीच ठेवलंस."

समीक्षा दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हनून मी पोरांना झऱ्यावर जाऊ दिलं नाय," जानकीबाई पुढे म्हणाली. "मंग तू सोता पागोळीचं पानी पियाला लागलीस. मी काय समजू?"

"पण मला तरी सांगायचं," मी मध्ये पडलो.

"तुमी तिच्याच पडवीत चहा पीत व्हतात," ती म्हणाली.

तुळजाबाई हळूच अंगणातल्या दगडावर बसली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांवर संशय घेतला, वाडीवर, बाजारावर, सरकारवर, पोटच्या पोरावर. आपल्यावरही कुणी घेत असेल, तोही असला, हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नसावं. तिचा चेहरा मला बघवेना. "मी तुला मारायला?" ती म्हणाली. "तुज्या नातवंडांना?"

जानकीबाईने शेजारचा हंडा आपल्याकडे ओढून घेतला.

"आई, गाडी उभी आहे खाली," सुनील म्हणाला. "झालं ना बोलून? चल आता."

"तू जा," तुळजाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"मी आता गेले, तर हिच्या मनात तेच ऱ्हानार, मी मरंस्तवर. माज्या मागं पोरांना पन तेच सांगतील. मी कुटं जात नाय." तिने कमरेची किल्ली काढून मुठीत धरली आणि जानकीबाईकडे वळली. "उद्यापासनं मी पन वहाळावर येनार. सावकास उतरीन, बसत बसत येंगीन. माज्या हंड्यातलं पानी आदी तुज्यापुढं मी पियीन, मंग तुजा हंडा भर. रोज. तुला पटंस्तवर."

जानकीबाई तिच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे.

"पायऱ्यांवर शेवाळ हाय," ती शेवटी म्हणाली. "काठी घेऊन ये."